बोलण्याचीही मात्रा असते

'बिनऔषधी उपचार' हा शब्द मला बऱ्याच दिवसांपासून खटकतो आहे. एखाद्या गोष्टीचं नाव तिच्यात काय नाही यावरून पडलं, की तिच्यात काय आहे हे विचारायचं राहून जातं. गोळी हातात पडली की आपण लगेच विचारतो, जेवणाआधी की जेवणानंतर, दिवसातून किती वेळा, किती दिवस, पोटाला चालेल ना. बिनऔषधी म्हटलं की यातला एकही प्रश्न तोंडावर येत नाही. 'कुणाशी तरी मोकळं बोल', 'रोज फिरायला जा', 'थोडं ध्यान कर', 'मन कशात तरी रमव', सगळं एकाच टोपलीत. वर्षानुवर्षं चाचण्यांमधून तावूनसुलाखून निघालेली मानसोपचाराची पद्धत त्या टोपलीत असते आणि शेजाऱ्याचा फुकटचा सल्लाही त्याच टोपलीत असतो.

म्हणूनच ताणातून उद्भवणाऱ्या मानसिक विकारांवर गोळ्या घ्याव्यात की बोलण्याचा उपचार घ्यावा, हा वाद मला अर्धवट वाटतो. वादातल्या दोन्ही बाजू गोळीच तोलत असतात. एक तिचे गुण मोजते, दुसरी तिचे दोष. दुसऱ्या पारड्यात नेमकं काय टाकलंय, किती टाकलंय, कुणी टाकलंय, तिकडे कुणाचं लक्ष नसतं. माझं म्हणणं असं की बोलण्याच्या, व्यायामाच्या, ध्यानाच्या उपचाराला औषधाचेच कडक नियम लावा. मात्रा, मुदत, दुष्परिणाम, देणाऱ्याची जबाबदारी, सगळं. ते होत नाही तोवर गोळीच जिंकत राहील, आणि ती तिच्या गुणांवर जिंकलेली नसेल.

आधी स्वतःचं सांगून टाकतो, कारण या विषयात मी तटस्थ नाही. वडील गेले आणि माझी झोप उडाली. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी एक गोळी लिहून दिली. पहिल्या रात्री झोप लागली तेव्हा खरंच उपकार वाटले. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले, दोन महिन्यांचं दीड वर्ष झालं. गोळी तीच राहिली, एकीच्या दोन झाल्या. मग एके दिवशी शहाणपण सुचलं, तेही अर्धवट, आणि मी ती एकदम बंद केली. तीन रात्री टक्क जागा. हात थरथरायचे, छाती धडधडायची. मला वाटलं मूळ दुखणं उलटलं. ते दुखणं नव्हतं, गोळीची वसुली होती. अशी गोळी एकदम सोडली तर झटकेसुद्धा येऊ शकतात, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवायची असते, हे मला नंतर कळलं.

या जातीच्या गोळ्यांना बेन्झोडायझेपिन म्हणतात. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या कामातून निघालेली लिब्रियम १९६० साली बाजारात आली, व्हॅलियम १९६३ साली. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन चेतापेशींची धावपळ मंद करतं, या गोळ्या त्याचा जोर वाढवतात. तासाभरात गुण दिसतो. त्यांची भुरळ त्यातच आहे आणि मेखही त्यातच, कारण मेंदू त्या आयत्या मदतीला सरावतो आणि आपला हात आखडता घेतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये या संपूर्ण गटाच्या माहितीपत्रकावरच्या चौकटीतल्या इशाऱ्यात गैरवापर, अवलंबित्व आणि बंद करताना होणारा त्रास यांची भर घालायला लावली. पहिली गोळी विकली गेली त्याला तेव्हा ६० वर्षं झाली होती.

जागतिक आरोग्य संघटनेने ताणाशी थेट संबंधित विकारांसाठी २०१३ सालीच मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. मोठ्या आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात तीव्र लक्षणांसाठी बेन्झोडायझेपिन देऊ नयेत. जवळचं माणूस गेल्याच्या दुःखावरही, दुसरा मानसिक आजार नसेल तर, देऊ नयेत. यामागचं एक कारण समजून घेण्यासारखं आहे. भीती कधी पुसली जात नाही. अपघातानंतर गाडीत बसायला घाबरणारा माणूस पुन्हा पुन्हा गाडीत बसतो आणि सुखरूप उतरतो, तेव्हा मेंदू जुन्या नोंदीशेजारी नवी नोंद करतो की या खेपेला काही झालं नाही. अशा पुरेशा नोंदी जमल्या की जुनीचा आवाज दबतो. हे शिकणं आहे, आणि गुंगीत शिकलेलं कच्चं राहतं. शिवाय श्रेय भलतीकडेच जातं. 'गोळी घेतली होती म्हणून निभावलं' असं एकदा मनाने घेतलं, की पुढच्या प्रवासाला गोळी खिशात हवीच.

मला चिठ्ठी मिळाली तेव्हा या सूचना येऊन काही वर्षं लोटली होती. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांच्या दाराबाहेर बाकावर अकरा माणसं बसली होती, मी मोजली होती. त्यांच्याकडे माझ्यासाठी चार मिनिटं होती आणि चार मिनिटांत बसेल असा एकच उपचार त्यांना ठाऊक होता.

खरं तर चार मिनिटांत बसणारा आणखी एक उपचार आहे: काहीही न देणं, पण पुढच्या भेटीची तारीख देणं. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं अकरावं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात ताणाशी निगडित विकारांचा वेगळा गट आहे. आघातोत्तर ताण विकार म्हणजे पीटीएसडी, त्याचं गुंतागुंतीचं रूप, लांबलेला शोक आणि समायोजन विकार, म्हणजे बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेता न येणं, ही त्यातली मुख्य नावं. आघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांतली थरथर, रडू, सुन्नपणा याला आधीच्या वर्गीकरणात विकाराचा दर्जा होता. या खेपेला तो काढून घेतला. माणसाने हादरायच्या प्रसंगी हादरणं हा आजार नाही, असं अधिकृतपणे मान्य झालं. बहुतेक माणसं त्यातून आपोआप बाहेर येतात. काही येत नाहीत, म्हणून तारीख द्यायची. 'होईल सगळं नीट' एवढंच सांगून पाठवणं आणि 'तीन आठवड्यांनी मला येऊन दाखवा, झोप आणि भूक कशी आहे ते लिहून आणा' असं सांगून पाठवणं, या दोन्हींत गोळी नाही. पण त्यातला एकच उपचार आहे.

नैराश्याच्या गोळ्यांकडे मी त्याच नजरेने बघत नाही. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या रुग्णालयात क्षयावर इप्रोनियाझिड हे औषध देऊन बघत होते, तेव्हा खंगलेले रुग्ण अचानक उत्साही दिसू लागले. स्वित्झर्लंडमध्ये मानसोपचारतज्ज्ञ रोलांड कून यांनी इमिप्रामिन या औषधाचा असाच गुण १९५७ साली जगापुढे मांडला. म्हणजे औषधं आधी सापडली, ती का चालतात याच्या कहाण्या मागाहून रचल्या गेल्या. 'तुमच्या मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी आहे' ही त्यातली सगळ्यात गाजलेली कहाणी. नैराश्यामागे सेरोटोनिनची कमतरता असते याला सुसंगत पुरावा नाही, असं २०२२ सालच्या एका मोठ्या आढाव्याने दाखवलं, तेव्हा बरीच मंडळी 'बघा, औषधं खोटी!' म्हणून नाचू लागली. हा उतावळेपणा झाला. विहीर खणायला कुदळ उपयोगी पडली, तर जमिनीत कुदळीची कमतरता होती असं कुणी म्हणत नाही. आणि तशी कमतरता नव्हती म्हणून कुदळ निरुपयोगीही ठरत नाही. २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या आढाव्यात २१ औषधांच्या ५२२ चाचण्या, एक लाख सोळा हजारांवर माणसं, एकत्र तपासली गेली. प्रौढांच्या तीव्र नैराश्यात सगळीच्या सगळी २१ औषधं खोट्या गोळीपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्या गोळीपेक्षा, सरस ठरली. सरासरी फरक मात्र माफक होता. सरासरी हा शब्द फसवा आहे. कुणाला औषध अंथरुणातून उठवतं, कुणाला फक्त मळमळ देतं, आणि कुणाच्या बाबतीत काय होईल हे पहिली गोळी देताना कुणालाच सांगता येत नाही.

पीटीएसडीसाठी अमेरिकेत याच कुळातल्या दोनच औषधांना मान्यता आहे, १९९९ पासून सरट्रालिनला आणि २००१ पासून पॅरोक्सेटिनला. गुण यायला काही आठवडे लागतात, सोडताना हळूहळू सोडावी लागतात, आणि पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना यावर डोळा ठेवावा लागतो. हे सगळं वेष्टनातल्या कागदावर लिहिलेलं असतं. माझा मुद्दा त्या कागदाबद्दलच आहे. औषधाला असा कागद असतो.

बोलण्याला तो नाही, म्हणून बोलणं निरुपद्रवी आहे असं आपण धरून चालतो. १९८०च्या दशकात 'डीब्रीफिंग' नावाची पद्धत फार लोकप्रिय झाली. अपघात, आग, दरोडा असं काही घडलं, की दोन-चार दिवसांत त्या माणसाला बसवायचं आणि घडलेलं सगळं एका बैठकीत तपशीलवार बोलून घ्यायचं. कल्पना कुणालाही पटेल अशीच आहे, मन मोकळं झालं की बरं वाटतं हे तर आजीही सांगते. १९९७ साली भाजलेल्या रुग्णांवरच्या एका चाचणीचा निकाल आला. तेरा महिन्यांनी पाहिलं तर डीब्रीफिंग झालेल्यांपैकी २६ टक्क्यांना पीटीएसडी होता आणि ज्यांना नुसतं सोडून दिलं होतं त्यांच्यापैकी ९ टक्क्यांना. पुढे अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा झाला, त्यातही या एकाच बैठकीचा फायदा दिसला नाही आणि अपायाची शक्यता दिसली. गोळीबद्दल असे आकडे आले असते तर ती बाजारातून उचलली गेली असती. ही पद्धत मात्र नंतरही ठिकठिकाणी चालत राहिली, कारण 'बोलल्याने काय बिघडतं?'

बिघडतं. कधी, कुणाशी, किती आणि कुठल्या क्रमाने बोललं यावर ते अवलंबून असतं. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेल्या उपचारातही आघाताबद्दलच बोलायचं असतं, पण तो साधारण आठ ते पंधरा बैठकांचा असतो. एकेक बैठक नव्वद मिनिटांची, टाळत आलेल्या गोष्टींना सोप्याकडून अवघडाकडे सामोरं जायचं, आणि घरी करायचा अभ्यास वेगळा. पीटीएसडीवर सगळ्यात भक्कम पुरावा असलेल्या उपचारांपैकी हा एक आहे. विषय तोच, मात्रा वेगळी, म्हणून एक मात्रा लागू पडते आणि दुसरी उलटते. वैद्यकाला हा नियम जुनाच आहे, आपणच तो मनाला लावायला विसरलो.

ध्यानाचंही तेच. २०२२च्या शेवटी प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चिंताविकार असलेल्या २७६ माणसांना दोन गटांत विभागलं होतं. एका गटाला एस्सिटालोप्राम हे औषध, दुसऱ्याला जॉन काबाट-झिन यांनी १९७९ साली सुरू केलेला सजगतेचा अभ्यासक्रम. आठ आठवड्यांनी अभ्यासक्रम औषधापेक्षा कमी ठरला नाही. ही बातमी 'ध्यान गोळीच्या तोडीचं' अशा मथळ्याने फिरली. मथळ्याखाली सहसा नव्हतं ते असं: आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, मध्ये एक अख्खा दिवस, आणि रोज घरी ४५ मिनिटं. आता कुणी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवरच्या ॲपसमोर पाच मिनिटं डोळे मिटून बसला आणि म्हणाला 'ध्यान करून बघितलं, काही उपयोग नाही', तर त्याने औषधाची गोळी चाटून परत डबीत ठेवली आहे. व्यायामाच्या बाबतीत १९९९ सालची एक चाचणी प्रसिद्ध आहे. तीव्र नैराश्य असलेली १५६ माणसं, पन्नाशी आणि त्यापुढची, सोळा आठवडे. सरट्रालिनवाल्यांना सुरुवातीला लवकर उतार पडला, पण अखेरीला व्यायामवाले त्यांच्या बरोबरीला आले. हा व्यायाम आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली, नाडी मोजत केलेला होता.

मी ज्या बाजूने बोलतो आहे तिचीही झाकली मूठ उघडायला हवी. बोलण्याच्या उपचारांच्या चाचण्या औषधांच्या चाचण्यांइतक्या कडक असू शकत नाहीत. गोळीसारखीच दिसणारी खोटी गोळी बनवता येते, खोटा संवाद बनवता येत नाही. आपल्याला काय मिळतंय हे रुग्णाला कळतं. बऱ्याच चाचण्यांत तुलना प्रतीक्षायादीवरच्या माणसांशी केलेली असते, आणि नुसतं ताटकळत ठेवलेल्या माणसापेक्षा कोणताही उपचार उजवाच दिसतो. समायोजन विकार सर्रास आढळतो, तरी त्यावरचा पुरावा अजून तुटपुंजाच आहे. म्हणून 'गोळीमुक्त' वगैरे घोषणा मला घातक वाटतात. ज्याने चार दिवस अन्न घेतलेलं नाही, जो मरणाची तयारी करतो आहे, त्याला रोज ४५ मिनिटांचा अभ्यास देणं ही थट्टा आहे. त्याला औषध हवं, सोबत हवी, कधी रुग्णालयही हवं. 'मन खंबीर कर' ही सुद्धा एक बिनलेबलाची बाटलीच आहे आणि तिने किती जणांचा उपचार लांबला याची नोंद कुणी ठेवत नाही.

मग ही मात्रा द्यायची कुणी? चिठ्ठी लिहायला दोन मिनिटं लागतात, फोआ यांच्या पद्धतीला बारा ते बावीस तास. मानसोपचारतज्ज्ञ सगळीकडेच कमी आहेत, तेव्हा निवड पुराव्यावर होतच नाही, घड्याळ करतं. या अडचणीवर मला सगळ्यात पटलेलं उत्तर झिम्बाब्वेचं आहे. तिथले मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारेतल्या दवाखान्यांच्या आवारात लाकडी बाकं मांडली आणि त्यांवर वस्तीतल्या आज्यांना बसवलं. त्या पेशाने आरोग्यसेविका होत्या, मानसशास्त्राची पदवी कुणाकडे नव्हती. २०१६ साली ५७३ जणांवरच्या चाचणीचा निकाल आला. सहा महिन्यांनंतर बाकावरच्या गटात नैराश्याची लक्षणं असलेले सुमारे १४ टक्के उरले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात सुमारे ५० टक्के.

ही हकिगत सांगितली की ऐकणारा हमखास म्हणतो, 'बघा, शेवटी मायेने ऐकणारं माणूसच लागतं.' नाही हो. माया होतीच, पण आज्यांना प्रशिक्षण होतं. बैठका सहा, आणि पद्धत ठरलेली. आधी अडचणींची यादी, मग त्यातली एकच निवडायची, तिच्यावर करता येईल अशी एक कृती ठरवायची, पुढच्या खेपेला तिचं काय झालं ते विचारायचं. वर देखरेख होती, आणि हाताबाहेरचा रुग्ण कुणाकडे पाठवायचा ते ठरलेलं होतं. सगळं काटेकोर असल्यामुळेच ते पदवीविना पेलता आलं. सैल असतं तर त्या बाकावर नुसत्या गप्पा झाल्या असत्या. आरोग्यावर खर्च करणाऱ्या कोणत्याही सरकारने किंवा विमा कंपनीने या अशा तासांचे पैसे गोळ्यांच्या पैशांइतक्याच सहजतेने द्यायला हवेत. बदल्यात त्या तासांचा हिशोबही तितक्याच कडकपणे मागायला हवा: पद्धत कोणती, बैठका किती, कितव्या आठवड्यापर्यंत फरक दिसला नाही तर काय बदलणार, आणि बोलण्याने त्रास वाढला तर तक्रार कुठे नोंदवायची.

एक गोष्ट मात्र दोन्ही पारड्यांबाहेर राहते. आज्यांनी पहिला प्रश्न लक्षणांचा विचारला नाही, अडचणीचा विचारला. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस या संशोधकांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांचा अभ्यास करून १९७८ साली दाखवलं होतं की संकट कोसळल्यावर कोण नैराश्यात जाईल हे बऱ्याच अंशी परिस्थितीवरून ठरतं. मन मोकळं करायला जवळचं माणूस नसणं, घरात तीन किंवा अधिक लहान मुलं असणं, घराबाहेर काम नसणं. यातलं एकही गोळीने बदलत नाही आणि श्वासावर लक्ष दिल्यानेही बदलत नाही. बारा तास राबवून घेणारी कचेरी जेव्हा 'ताणमुक्ती कार्यशाळा' भरवते, तेव्हा बिनऔषधी उपचार गोळीपेक्षाही स्वस्त गुंगी होऊन बसतो. ब्रिटनमधल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीवरून २०२४ साली आलेल्या एका अभ्यासात अशा वैयक्तिक उपक्रमांत भाग घेतलेले आणि न घेतलेले यांच्या मनःस्वास्थ्यात जवळजवळ फरक दिसला नाही. ती एका वेळची पाहणी होती, कार्यकारणाचा छडा तिच्यातून लागत नाही. तरी कामाचे तास कमी न करता श्वास मोजायला शिकवणाऱ्यांनी ती वाचावी.

माझं पुढे काय झालं ते राहिलं. गोळी तीन महिन्यांत, पावभागाने कमी करत सुटली. झोपेसाठी एका समुपदेशक बाईंकडे निद्रानाशावरचा वर्तनोपचार घेतला. दीर्घकाळच्या निद्रानाशावर गोळीआधी हाच उपचार द्यावा, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ सालीच सांगून ठेवलं आहे. मला वाटलं होतं मंद संगीत वगैरे असेल. बाईंनी सांगितलं, रात्री एकच्या आत अंथरुणाला पाठ लावायची नाही आणि झोप लागो न लागो, सहाला उठायचं. पहिले दहा दिवस मी दिवसाढवळ्या पेंगत होतो, घरच्यांवर खेकसत होतो, गाडी चालवायला त्यांनी आधीच मनाई केली होती. हा त्या उपचाराचा दुष्परिणाम होता आणि तो त्यांनी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून दिला होता. त्याच कागदावर खाली लिहिलं होतं: एकूण बैठका सहा, चौथ्या बैठकीपर्यंत फरक पडला नाही तर डॉक्टरांशी बोलून मार्ग बदलू. पाचव्या बैठकीला मी साडेअकराला झोपून साडेपाचला उठत होतो. तो कागद मी अजून ठेवला आहे, गोळीच्या जुन्या चिठ्ठीला टाचणी लावून. चिठ्ठीवर पुढच्या भेटीच्या तारखेची जागा कोरीच आहे.